चूक हार्डवेअरची, दुरुस्ती ड्रायव्हरची: तीन मार्गांची तुलना

यूएसबी डिस्कला क्षमता विचारली की तिने शेवटच्या सेक्टरचा (डिस्कवरच्या साठवणीच्या ठरावीक तुकड्याचा) क्रमांक सांगायचा असतो. मोजणी शून्यापासून, म्हणजे १००० सेक्टर असतील तर उत्तर ९९९. काही डिव्हाइसं मात्र सरळ १००० सांगून मोकळी होतात. लिनक्स नियमाप्रमाणे त्यात एक मिळवतो, १००१ सेक्टर धरतो आणि नसलेला सेक्टर वाचायला जातो. जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत हे सांगणारा तक्ता; त्याच्या हेडरची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते, त्यामुळे तिथवर वाचायची वेळ हटकून येते. एखादं डिव्हाइस नुसती एरर देतं, एखादं असं लटकतं की केबल काढल्याशिवाय शुद्धीवर येत नाही.

स्पेसिफिकेशन आपल्या बाजूने आहे, पण ज्याची डिस्क उघडत नाही त्याला त्याचं काय? फर्मवेअरचं (डिव्हाइसच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट मिळत असेल तर प्रश्नच मिटला. ते नसेल तर दुरुस्ती आपल्याकडेच करायची, आणि ती कुठे करायची हे ठरवावं लागतं.

सगळ्यात झटपट मार्ग पॅरामीटरचा. यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलला, म्हणजे अशा डिस्क चालवणाऱ्या लिनक्सच्या ड्रायव्हरला, व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक), प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) आणि 'सी' हे अक्षर दिलं की क्षमता एका सेक्टरने कमी धरली जाते. 'यू' दिलं तर यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) बाजूला ठेवून जुन्या पद्धतीने काम चालतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करायची गरज नाही. निदान बरोबर आहे का, हे तपासायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण दुरुस्ती त्या एका मशीनपुरतीच राहते; तेच डिव्हाइस घेतलेल्या दुसऱ्या माणसाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

दुसरा मार्ग क्वर्क टेबलाचा, म्हणजे ड्रायव्हरमधल्या बिघडलेल्या डिव्हाइसांच्या यादीचा. तिथे नोंद केली तर ती सगळ्यांपर्यंत पोचते. मात्र खरी जोखीमही इथेच आहे. यूएसबी-स्टोरेजच्या नोंदीत दोन आयडींबरोबर डिव्हाइसच्या आवृत्तीची खालची आणि वरची मर्यादाही द्यायची असते. कंटाळा करून ०००० ते ९९९९ अशी सरसकट मर्यादा टाकली, आणि कंपनीने पुढच्या आवृत्तीत चूक सुधारली, तर? आता उत्तर बरोबर देणाऱ्या डिस्कचा खरा सेक्टर आपण कापतो, आणि जीपीटीच्या हेडरची राखीव प्रत नेमकी तिथेच असते. म्हणून जी आवृत्ती हातात घेऊन तपासली, तेवढीच लिहावी असं माझं मत. दोन वर्षांनी दुसरी नोंद करावी लागली तरी बेहत्तर.

आयडीवर तरी किती भरवसा ठेवायचा, हाही प्रश्नच. सीएसआर या चिप कंपनीच्या ब्लूटूथ डोंगलची नक्कल करणारी डोंगलं अस्सल डोंगलचेच आयडी सांगतात. त्यामुळे लिनक्सच्या ड्रायव्हरला आयडीवर न थांबता चिपने सांगितलेली आवृत्ती आणि रिव्हिजन पडताळून तोतया ओळखावा लागतो. अशा ठिकाणी टेबल पुरत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे ड्रायव्हरच सगळ्यांसाठी सैल करणं. क्षमतेसाठी 'एच' हा अंदाजाचा पर्याय आहे: सेक्टरांची संख्या विषम आली तर एक कमी कर. वरच्या उदाहरणात १००१ चे १००० होतात, छान. पण संख्या खरोखरच विषम असलेली डिस्क आली की तोच अंदाज अंगाशी येतो, म्हणून हा सरसकट लावू नये. याउलट, नव्या डिव्हाइसला यूएसबीवरचा पत्ता देण्याआधी डिव्हाइस डिस्क्रिप्टरसाठी (डिव्हाइसने स्वतःची दिलेली माहिती) विंडोजसारखी ६४ बाइटची विनंती करणं लिनक्सने सर्वसाधारण रीतीतच घेतलं. विंडोजवरच तपासून विकलेल्या डिव्हाइसांना ते मानवतं आणि नियम पाळणाऱ्यांचं काही बिघडत नाही. माझी कसोटी हीच: चांगल्या डिव्हाइसला या बदलाची झळ लागते का? लागत असेल तर टेबल, नसेल तर खुशाल सगळ्यांना लावा.

कीबोर्ड-माउसवाल्यांकडे आणखी एक वाट आहे. चुकीचं रिपोर्ट डिस्क्रिप्टर (डिव्हाइस कोणता डेटा कसा पाठवतं याचं वर्णन) दुरुस्त करायला पूर्वी कर्नलमध्येच छोटा ड्रायव्हर लिहावा लागे. २०२३ मधल्या ६.३ कर्नलपासून एचआयडी-बीपीएफने (चालू कर्नलला छोटा प्रोग्रॅम जोडायची सोय) तेच काम बाहेरून करता येतं.

मी स्वतः आधी पॅरामीटरने खात्री करतो आणि मगच टेबलाला हात लावतो. कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलासोबतच्या टिपणात, डिव्हाइसने दिलेलं मूळ उत्तर, आधीचा लॉग आणि नंतरचा लॉग जसाच्या तसा चिकटवतो. कारण ती नोंद काढायची की ठेवायची हे पुढे ज्याला ठरवावं लागेल, त्याच्याकडे ते डिव्हाइस बहुधा नसतंच.