समुपदेशक संघटनेचं वेतन मदत केंद्र, पुणे: करार तपासायला चोख, अर्जाचा मसुदा कच्चा

शाळांमधल्या समुपदेशकांना पगारवाढ मागायला मदत करणारं हे केंद्र. किती पगार मागायचा हा प्रश्न इथे सगळ्यात शेवटी येतो, आणि तेच बरोबर आहे. आधी नियुक्तीपत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि टीडीएसचा तपशील मागतात. खरी मेख तिथेच असते. शाळेने पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क दाखवून सरसकट १० टक्के कर कापला, की पीएफ नाही, मे महिन्याचे पैसे नाहीत, ग्रॅच्युइटीचं तर नावच नको. थंब, म्हणजे अंगठ्याची हजेरी, मात्र सकाळी साडेसातला करायचा! थंबच्या नोंदी, रजेचे अर्ज, प्रॉक्सी तासांचं (गैरहजर शिक्षकाच्या जागी घेतलेल्या तासांचं) वेळापत्रक एकत्र लावलं, की ‘त्या फ्रीलान्स आहेत’ हे शाळेचं म्हणणं लंगडं पडतं. ही छाननी इथे मन लावून करतात.

दोन आठवडे भरायचा कामाचा तक्ताही उपयोगी आहे. सत्रं, नोंदी, पालकभेटी, वर्गनिरीक्षण, परीक्षा सवलतींचे कागद आणि प्रॉक्सी, सगळं वेगवेगळं. ४० मिनिटांच्या सत्रामागे १५ मिनिटं नोंदींची धरली, तर पाच सत्रांमागे सव्वा तास नुसत्या लिखाणाचा होतो. ‘मॅडमचे दिवसाला पाचच पिरियड’ असं म्हणणाऱ्यांना हा सव्वा तास दिसतच नाही. पण त्याच तक्त्यात विद्यार्थ्याच्या नावाचा रकाना आहे, तो ताबडतोब काढायला हवा. हा कागद शेवटी व्यवस्थापनाच्या टेबलावर जाणार. इयत्ता आणि अडचण एवढंच लिहिलं तरी लहान शाळेत मूल ओळखू येतं. ‘सत्र १, सत्र २’ पुरे.

शाळेला द्यायच्या पगारवाढीच्या अर्जाचा केंद्राचा मसुदा मात्र कमजोर. कामगार न्यायालयाचा दम दिलाय, पण शिक्षक ‘कामगार’ ठरत नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा सुंदरम्बाळ निकाल शाळेचा वकील पहिल्याच उत्तरात काढेल. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखालचं न्यायाधिकरण आहे, पण ते बडतर्फी, पदावनती अशा तक्रारींसाठी, तेही ३० दिवसांच्या आत. पगारवाढ तिथे मागता येत नाही.

त्यापेक्षा सर्वोच्च न्यायालयाचे जुलै २०२५ चे निर्देश पुढे करा: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्यात पगाराचा उल्लेख नाही, आणि ‘नेमा किंवा सेवा घ्या’ अशी मोकळीकही आहे, म्हणून शुल्काची पळवाट उरतेच. तरी ‘परवडत नसेल तर पदच बंद करू’ ही धमकी त्याने बोथट होते. मसुद्यात याचा एक शब्द नाही.

केंद्रात गर्दी होते एप्रिलमध्ये, करार संपताना. फार उशीर. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे सहा महिने आधी जायचा असतो, म्हणजे जूनच्या शाळेसाठी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. एकदा फी ठरली की ‘बजेटमध्ये तरतूद नाही’ हे उत्तर तयारच. तक्ता सप्टेंबरात भरा, अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी द्या. शाळेत दोघी-तिघी समुपदेशक असतील तर एकच अर्ज, सगळ्यांच्या सह्या. आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत हातात आल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.