सिंगल बीम इको साउंडर, ब्रह्मपुत्रेवर एक हिवाळा वापरून: खोली चोख, ड्यून अर्धे

गुवाहाटीला पांडूजवळ नदीतळावरचे वाळूचे ड्यून, म्हणजे प्रवाहाने घडवलेले लाटेसारखे उंचवटे, मोजायला हा २०० किलोहर्ट्झचा इको साउंडर (ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) घेतला. एका वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणारा मल्टिबीम ऐपतीबाहेर होता. स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ते उगाळत नाही. बॅटरी दिवसभर पुरते, उन्हात स्क्रीन दिसते, भुटभुटीच्या (इंजिनाच्या होडीच्या) कडेला पाइप बांधला की ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा-ऐकणारा भाग, घट्ट बसतो. माझं भांडण आहे ते त्यातल्या सरासरीच्या फिल्टरशी.

ड्यून म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला लांबलचक चढ, मग टोकदार माथा, आणि खालच्या अंगाला झपकन उतार. स्क्रीनवर हा आकार स्वच्छ दिसतो. तोच माथा फाइलमध्ये मात्र गोल होऊन येतो, कारण यंत्र ५ सेकंदांची सरासरी काढूनच खोली लिहितं. बोट सेकंदाला २ मीटर चालली तर १० मीटरचा पट्टा एका आकड्यात गेला. २० मीटर लांबीचा ड्यून त्रिकोणी धरा, त्याची उंची थेट निम्मी होते. ५ मीटरवाले तर सपाटच!

सर्व्हिसला फोन केला तर म्हणे, "साहेब, खोली बरोबर येते ना?" येते हो, फेरीबोट चालवणाऱ्याला तेवढं पुरतं. पण ड्यूनची उंची म्हणजे माथा आणि त्यापुढचा खळगा यांतला फरक. दोन्ही टोकं छाटल्यावर मी मोजायचं काय?

बरीच पत्रापत्री झाल्यावर कळलं की मूळ प्रतिध्वनीची रॉ फाइल निघते. मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखही नाही. ती उघडली आणि माझं मत बरंच बदललं. मोठ्या ड्यूनच्या पाठीवर चढत गेलेले छोटे ड्यून एकेक करून मोजता आले, खालचा उतारही ताठ झाला. या पैशात एवढा बारकावा मिळेल असं वाटलं नव्हतं. फार आनंद झाला.

खळगे अजून थोडे भरलेले दिसतात. ९ अंशांचा बीम (ध्वनीचा झोत) १० मीटर खोलीवर दीड मीटरचं वर्तुळ व्यापतो आणि त्यातला सर्वांत जवळचा बिंदू आधी उत्तर देतो. त्याबद्दल कंपनीला बोल लावणार नाही. यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरतं, २० अंशांच्या गोड्या पाण्यात तो १४८२ च्या आसपास असतो. उंचीत टक्काभर फरक पडतो, सेटिंगमध्ये बदलता येतं. बोट मात्र प्रवाहाच्या रेषेतच चालवा. ३० अंश तिरकी गेलात तर ड्यूनची लांबी १५ टक्के जास्त भरते.

राग आहे तो पैशांचा. रॉ फाइल वाचायचं मॉड्यूल वेगळं विकत घ्यावं लागलं. आपणच नदीवर जाऊन मोजायचं आणि ते वाचायला पुन्हा पैसे मोजायचे, हे मला पटलेलं नाही. पाचपैकी तीन स्टार. मॉड्यूल यंत्रासोबत द्या, साडेचार देतो.