एका सोनिक टेस्टच्या कागदावर गळ्यात मारलेला ब्लॉक

जुना इंजिन ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, विकत घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही शेवरोलेच्या जुन्या ३५० (घनइंची) व्ही-८ वर दणकट इंजिन बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी जरूर वाचावं. ज्याने मला फसवलं त्याला ब्लॉकमधलं सगळं कळत होतं. घेणारा काय तपासतो आणि काय तपासत नाही, हेही त्याला नेमकं ठाऊक होतं. त्यामुळे नुसतं 'सावध राहा' म्हणून भागणार नाही, त्याने कुठे काय केलं ते सविस्तर सांगावं लागेल.

माझ्यापुढे तीन पर्याय होते: कारखान्यातून निघालेला जुना बीडाचा ब्लॉक, डार्टसारख्या कंपन्या रेसिंगसाठी नवा ओततात तसा बीडाचा ब्लॉक, किंवा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमचा ब्लॉक वजनाला बीडाच्या साधारण निम्मा भरतो आणि ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांवरचा तेवढा भार उतरणं ही मोठीच गोष्ट आहे. पण मला सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारा पंप) लावायचा होता, वजनाची फारशी फिकीर नव्हती, म्हणून बीडच घ्यायचं ठरलं. राहिला प्रश्न जुना की नवा, आणि माझं मन तेव्हा नव्याकडे झुकलेलं होतं. नव्या रेसिंग ब्लॉकच्या सिलिंडरच्या भिंती जाड असतात, मेन कॅप (क्रँकशाफ्टला खालून धरून ठेवणारे अर्धगोल तुकडे) चांगल्या धातूच्या असतात, आणि मधल्या तीन कॅपचे बाहेरचे बोल्ट बहुधा तिरपे असल्यामुळे ते ब्लॉकच्या जाड भागात जाऊन रुततात. जुना ब्लॉक हातात येतो तेव्हा स्वस्त वाटतो. मग धुणं, क्रॅक टेस्ट, बोअरिंग, लाइन होनिंग (क्रँकची सगळी भोकं एका रेषेत घासून घेणं), डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग सरळ करणं, नवे स्टड असा एकेक खर्च चढत गेला की दोघांतला फरक बराच आटतो. हे गणित मी मांडून बसलो होतो.

विक्रेत्याने पहिला घाव याच गणितावर घातला. "साहेब, नवं ओतकाम कच्चं असतं. हा ब्लॉक वर्षानुवर्षं तापून, थंड होऊन मुरलाय. आणि यात निकेल आहे, बघा." असं म्हणून त्याने टायमिंग कव्हरखालचा फोटो पाठवला. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर ०१० आणि ०२० असे उठावाचे आकडे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिला आकडा कथिलाचा आणि दुसरा निकेलचा.

ही समजूत फार जुनी आहे, आणि तिच्यावर आजवर किती ब्लॉक चढ्या भावाने विकले गेले असतील देव जाणे. ते आकडे ओतकामाच्या साच्यातले आहेत. ३९७०-०१० हा ३५० चा प्रसिद्ध कास्टिंग नंबर (ब्लॉकवर ओतलेला क्रमांक), आणि ०१० हे त्याचेच शेवटचे तीन आकडे. त्यावरून मिश्रधातूची टक्केवारी वाचता येत नाही. बीड किती कठीण आहे हे जाणून घ्यायचं तर हार्डनेस टेस्टर लावावा लागतो. हे मी त्याला तिथेच ऐकवलं. त्याने लगेच माघार घेतली, "तुम्ही जाणकार आहात, तुमच्यापासून काय लपवायचं" म्हणाला आणि पुढचा पत्ता टाकला. आज मागे वळून पाहताना वाटतं, निकेलची थाप माझी पारख करायलाच मारलेली होती. समोरच्याला किती कळतं हे एकदा समजलं की पुढचं खोटं त्या मापाने बेतता येतं.

त्याचा पुढचा दावा असा: ब्लॉक फोर बोल्ट मेनचा, म्हणजे मधल्या मेन कॅपना चार-चार बोल्ट असलेला आहे, बोअर ४.०३० इंच म्हणजे मूळ ४ इंचावर तीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), क्रॅक टेस्ट झालेली आहे, आणि सोनिक टेस्टचा कागद सोबत मिळेल. कास्टिंग नंबरवरून टू बोल्ट की फोर बोल्ट हे ठरत नाही, कारण ३९७०-०१० दोन्ही प्रकारांत निघालेला आहे. ऑइल पॅन काढून कॅप डोळ्यांनी बघाव्या लागतात. मी तसे फोटो मागितले आणि त्याने ते पाठवले. दोन, तीन आणि चार नंबरच्या कॅपला चार-चार बोल्ट, एक आणि पाचला दोन-दोन, अगदी असायला हवं तसंच. बोअरचं मापही पुढे खरं निघालं. या दोन खऱ्या गोष्टींच्या आडोशाला बाकीचं खोटं बसवलेलं होतं.

सोनिक टेस्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर प्रोब टेकवून ध्वनिलहरींनी तिची जाडी मोजणं. ब्लॉक ओतताना आतला गाभा जरासा सरकला की भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, बाहेरून मात्र काही कळत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटा देतो त्या थ्रस्ट बाजूला जास्त ताकदीच्या इंजिनांत सर्वसाधारणपणे ०.२०० इंच जाडी बघितली जाते. त्याने पाठवलेला कागद पाहण्यासारखा होता. आठ सिलिंडर, प्रत्येकात चार दिशा, वर-मध्ये-खाली अशी मापं, सगळे आकडे एकमेकांपासून थोडे-थोडे वेगळे. खऱ्या कागदावर असेच आकडे दिसतात. थ्रस्ट बाजूला कुठेही ०.२०० च्या खाली काही नव्हतं. वर एका मशीनशॉपचं नाव होतं. पैसे पूर्ण पोचल्याशिवाय माल हलणार नाही, दुसरा घेणारा दारात उभा आहे, हे ठरलेलं पालुपद झालं आणि मी पैसे पाठवले.

ब्लॉक आला तो नव्या रंगात न्हालेला. आत कॅपवर, कॅप जिथे बसतात त्या वेबवर, सगळीकडे रंग. मी आमच्या टर्नरकडे नेऊन तो आधी गरम टाकीत धुवायला लावला. रंग उतरला आणि तीन नंबरची कॅप उघडी पडली. मेन बोअरचं, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या गोल भोकांचं काम कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळून एका दमात होतं, त्यामुळे हत्याराच्या बारीक रेषा ब्लॉकच्या अर्ध्या गोलातून कॅपच्या अर्ध्या गोलात सलग जातात. एक, दोन, चार, पाचवर तशाच गेल्या होत्या. तीनवर रेषा सांध्यापाशी तुटल्या होत्या, आणि तिथे नख फिरवलं की अडकत होतं. कॅप दुसऱ्याच ब्लॉकची होती. बेअरिंग न घालता बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून डायल बोअर गेज लावला. मेन बोअर २.६४०६ ते २.६४१५ इंचाच्या आत यायला हवा. बाकी चारही जागी तो आत होता, तीनवर उभं माप २.६४३ च्या पुढे. मूळ कॅपचं काय झालं असेल याचा अंदाज बांधणं अवघड नाही. त्या जागी कधीतरी बेअरिंग जागा सोडून क्रँकबरोबर फिरलं असणार आणि कॅप जळाली असणार.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. कॅप तासून लाइन होनिंग करून घेता येतं. त्यात क्रँक किंचित कॅमकडे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याकडे) सरकतो आणि टायमिंग चेन ढिली पडते, पण त्यासाठी आखूड चेन मिळते.

खरा घात सातव्या सिलिंडरमध्ये होता. टर्नरने स्वतःचा सोनिक टेस्टर लावला. बाकीच्या सिलिंडरांत जाडी वर-खाली होत होती, दोन ठिकाणी तर ०.१२० च्याही खाली गेली. सातव्यात मात्र प्रोब कुठेही टेकवला तरी काटेकोर ०.०९० च्या आसपासच. ओतलेली भिंत इतकी एकसारखी असूच शकत नाही. स्लीव्ह, म्हणजे खराब सिलिंडरमध्ये बसवलेली लोखंडी नळी, ठोकलेली असली की लहर स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्यामधल्या सांध्यावरूनच परत फिरते, आणि टेस्टर फक्त स्लीव्हची जाडी दाखवतो. बाजारात स्लीव्ह ३/३२ इंच जाडीच्या मिळतात, म्हणजे ०.०९४. बोअर करून जेवढी खरवडली गेली तेवढा फरक सोडला तर माप तंतोतंत जुळलं. डेकवर दिवा आडवा धरल्यावर केसाएवढं एक वर्तुळही दिसलं. ते लपवण्यासाठीच डेक नव्याने मारून त्यावर रंग चढवला होता.

स्लीव्ह असणं म्हणजे ब्लॉक मेला असं मी मानत नाही. नीट बसवलेली स्लीव्ह साध्या इंजिनात वर्षानुवर्षं टिकते. पण सुपरचार्जरच्या दाबाखाली, शेजारच्या भिंती ०.१२० च्या आत असताना, अशा ब्लॉकमध्ये मी महागाचे पिस्टन घालणार नाही. आणि घालायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क पैसे देण्याआधी मला मिळायला हवा होता.

मग तो कागद पुन्हा काढला. त्यात सातव्या सिलिंडरची मापं ०.१८० पासून ०.२३० पर्यंत पसरलेली. स्लीव्ह असलेल्या सिलिंडरमध्ये असं माप येणं शक्यच नाही. कागदावरच्या मशीनशॉपला फोन केला. त्या भल्या माणसाने आपली वही काढून सांगितलं की टेस्ट त्यांचीच आहे, मात्र ज्या ब्लॉकची आहे त्यावर ओतकामाची तारीख जुलैची होती. शेवरोलेच्या या ब्लॉकवर मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या फ्लँजपाशी (गिअरबॉक्स जोडतात त्या कडेपाशी), तारीख ओतलेली असते: पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. जुलै म्हणजे जी. माझ्या ब्लॉकवर स्पष्ट सी होता, मार्चचा. विक्रेत्याने मला पाठवलेल्या प्रतीत तारखेचा तो रकाना झाकून छायाप्रत काढलेली होती.

विक्रेत्याला हे सगळं मापांसकट लिहून पाठवलं. आधी म्हणाला, "तुमच्या टर्नरने बिघडवला असेल." मग "जुना माल आहे, परत होत नाही." मग फोन उचलणंच बंद. ज्या कंपनीमार्फत पैसे दिले होते तिच्याकडे तक्रार केली. खोकं उघडतानाचं चित्रीकरण, टर्नरची लेखी मापं आणि मशीनशॉपच्या वहीतली नोंद, तिन्ही जोडल्यावर बऱ्याच दिवसांनी पैशांचा काही भाग परत आला. वाहतूक, धुलाई आणि तपासणीचा खर्च गेला तो गेलाच.

ज्यांना जुनाच ब्लॉक घ्यायचा आहे त्यांनी सोनिक टेस्टच्या कागदावर कास्टिंग नंबर आणि ओतकामाची तारीख लिहिलेली आहे का हे आधी बघा. नसेल तर तो कागद कुठल्याही ब्लॉकचा असू शकतो. असेल तर त्याच आकड्यांचा फोटो मागवा, आणि मशीनशॉपला स्वतः फोन करा. ताजा रंग दिसला तर तो उतरवून कॅपच्या सांध्यांचे जवळून काढलेले फोटो मागा. सगळ्यात बरं म्हणजे ब्लॉक तुम्ही निवडलेल्या टर्नरकडे मोजला जाईल आणि मगच उरलेले पैसे मिळतील, हे लेखी कबूल करून घ्या. माझ्या विक्रेत्यापुढे मी हा विषय काढला तेव्हा "विश्वास नसेल तर राहू द्या" असं म्हणून त्याने तो टाळला होता. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकसोबत कुणी लोहचुंबकाने केलेल्या क्रॅक टेस्टचा दाखला देऊ लागला तर तिथूनच परत फिरा. ती परीक्षा लोखंडावरच चालते, ॲल्युमिनियमला पेनिट्रंट डाय किंवा दाबाची टेस्ट लागते.

मी आता नवा बीडाचा ब्लॉक मागवला आहे. तोही मोजल्याशिवाय बांधायला घेणार नाही. आणि तो जुलैच्या ब्लॉकचा कागद अजून त्या विक्रेत्याकडे आहे. त्यात तिसऱ्या सिलिंडरचा एक आकडा खोडून शेजारी शाईने दुसरा लिहिलेला आहे. तसा कागद कुणी तुमच्यापुढे ठेवला तर सोबतच्या ब्लॉकवर फ्लँजपाशी जी आहे का, ते आधी बघा.