फ्युएल पंप वायरिंग किट, आठ महिन्यांनंतर: पी ०२३२ आणि ती बारीक काळी वायर

गाडीच्या इंधन पंपाला बॅटरीपासून थेट जाड वायरने पूर्ण व्होल्टेज मिळावं म्हणून हे किट घेतात आणि ते काम ते चोख करतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट असायचे, पंपाच्या सॉकेटवर मात्र ११.६. किट लावल्यावर तिथे १३.५ मिळाले आणि आजही तेवढेच मिळतात. वायर ६ चौरस मिलीमीटरची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज, रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) ४० अँपिअरचा. रिले मूळ पंप वायरवरच चालतो, त्यामुळे धडक बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विचही पूर्वीसारखाच काम करतो. इथवर पैसे वसूल.

तक्रार आहे ती रिलेच्या ८५ नंबरच्या पिनवरून, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलकडून, अर्थिंगला जाणाऱ्या बारीक काळ्या वायरची.

दुसऱ्याच आठवड्यात चेक इंजिन लाइट लागला, स्कॅनरवर पी ०२३२. म्हणजे पंप बंद असायला हवा तेव्हा मॉनिटर वायरवर (पंपाच्या वायरवर लक्ष ठेवायला ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, जोडलेली वायर) व्होल्टेज दिसतंय. पहिला संशय रिलेवर जातो: ८७ (रिले चालू झाला की जोडली जाणारी पिन) ऐवजी ८७ए ला (रिले बंद असताना जोडलेली पिन) वायर गेली किंवा कॉन्टॅक्ट चिकटले. हे तपासणं सोपं आहे. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, दोन-तीन सेकंदांनी पंप थांबला की ८७ वर मोजा. शून्य आलं, म्हणजे रिले निर्दोष.

मग मूळ वायरवरच्या कॉइलचा भार फार कमी पडतो असं वाटलं, म्हणून कॉइलला समांतर १० ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावला, त्याचं अर्थिंग वेगळ्या बोल्टवर. कोड गेला. तेव्हा विचारलं असतं तर 'किटसोबत रेझिस्टर हवाच' असंच उत्तर मिळालं असतं. ते चूक ठरलं.

पाचव्या महिन्यात गाडी अधूनमधून सुरू होईना. रिलेचा टिक आवाजच येत नव्हता. मागचं पॅनल काढून ती काळी वायर हलकेच ओढली, तर लगमधून (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) सरळ बाहेर आली. तारांची टोकं काळी पडलेली. किटवाल्यांनी पंपाची जाड आणि कॉइलची बारीक अशा दोन्ही अर्थिंग वायर एकाच लगमध्ये दाबल्या आहेत. दाब बसतो जाड वायरवर, बारीक वायर नुसती अडकून राहते.

कोडचं मूळ इथेच होतं. ज्या गाड्यांत ही मॉनिटर वायर असते, तिथे ईसीयू तिच्यावर अगदी थोडा करंट सोडून ठेवतो. पंप बंद असला की त्याच्या मोटारीच्या एक-दोन ओहममधून तो जमिनीला जातो आणि वायर शून्याजवळ बसते. मूळ वायर कापून किट लावलं की मोटारीच्या जागी रिलेची सुमारे ८० ओहमची कॉइल येते. तीही पुरते, पण अर्थिंग पक्कं असेल तरच. रिले चालू होताना पूर्ण १२ व्होल्ट तो काळा थर फोडून जातात, म्हणून पंप चालतो. ईसीयूचा इवलासा करंट मात्र तिथेच अडकतो आणि वायरवर व्होल्टेज चढून बसतं. रेझिस्टरने त्याला दुसरी वाट दिली आणि खरा दोष तीन-साडेतीन महिने झाकून ठेवला. वर पंप चालू असताना हा रेझिस्टर सतत १९ वॉट जाळत होता. हात लावता येत नाही इतका तापतो, टाकीजवळ असली वस्तू नकोच.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बारीक वायरला तिच्या मापाचा वेगळा लग दाबा, पत्र्याचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडून वेगळ्या बोल्टवर कसा, वरून ग्रीस. मग ८५ ते बॅटरीवरून काढलेली निगेटिव्ह केबल असे ओहम मोजताना वायर हलवून बघा. आकडा अर्ध्या ओहमच्या आत आणि स्थिर हवा. रेझिस्टर काढून टाकला, तीन महिने झाले, कोड परतलेला नाही.

पंपाचा वेग मॉड्यूलने पल्स देऊन कमी-जास्त होत असेल त्या गाडीत मात्र हे किट लावूच नका. तिथे रिले फडफडतो, आणि पी ०२५ए किंवा पी ०६२७ (पंपाच्या कंट्रोल सर्किटमधल्या दोषाचे कोड) आला तर तो नुसतं अर्थिंग सुधारून जाणार नाही.