डेकर की नेटरनर? हॅकिंगसाठी कुठला खेळ घ्यावा

टेबलाभोवती बसून, फासे टाकत भूमिका वठवायच्या खेळात (रोलप्लेइंग) गटातल्या एकाला हॅकरच व्हायचंय, आणि शॅडोरनची पाचवी आवृत्ती (२०१३) घ्यावी की सायबरपंक रेड (२०२०) यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. हॅकरला शॅडोरनमध्ये डेकर म्हणतात, रेडमध्ये नेटरनर. दोन्ही खेळ मी जीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा, म्हणून चालवलेत.

नेटवर्कचं चित्र शॅडोरनचं सरस, यात वाद नाही. दाराचं कुलूप, गल्लीतला कॅमेरा, समोरच्याच्या हातातली बंदूकसुद्धा मॅट्रिक्सवर, म्हणजे त्या जगातल्या इंटरनेटवर. डेकर आधी त्या वस्तूवर आपला मार्क उमटवतो, मग तिला हुकूम सोडतो. गुपचूप शिरायचं की दांडगाईने, तेही त्यानेच ठरवायचं.

माझं घोडं अडलं ते ओव्हरवॉच स्कोअरपाशी, म्हणजे डेकरच्या गुन्ह्यांच्या खात्यापाशी. बेकायदा काही केलं की समोरच्या यंत्रणेच्या जितक्या फाशांवर पाच किंवा सहा पडेल तेवढे गुण डेकरच्या खात्यात. शिवाय खेळातल्या दर १५ मिनिटांनी जीएमने दोन फासे लपवून टाकायचे आणि बेरीज त्यात मिळवायची. ४० भरले की ग्रिड ओव्हरवॉच डिव्हिजन, म्हणजे गॉड (मॅट्रिक्सचे पोलीसच), डेकरला मॅट्रिक्सबाहेर फेकून त्याचा ठावठिकाणा कळवून टाकतं. वाचायला झकासच.

एका रविवारी गोदामात गोळीबार चाललेला. पाच गार्डांचे घाव वहीत, त्याच पानाच्या कोपऱ्यात डेकरचं खातं. त्याने विचारलं, "किती झाले रे?" (ही विचारपूससुद्धा बेकायदा, तिचेही गुण चढतात!) पाहतो तर २३ पुढे '+४' दोनदा. खरंच दोनदा झालं होतं, की मीच घाईत पुन्हा लिहिलं? "एकतीस," मी ठोकून दिलं. थोड्या वेळाने गॉड आलं तेव्हा तो माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होता.

रेडमध्ये असलं लपवलेलं खातंच नाही. नेटवर्क म्हणजे लिफ्टची विहीर: एका मजल्यावर पासवर्ड, खाली फाइल, मग कॅमेऱ्यांचा कंट्रोल नोड, नाहीतर दबा धरून बसलेला हेलहाउंड हा हल्लेखोर प्रोग्रॅम. दहा बाजूंचा एक फासा टाका, त्यात इंटरफेस, म्हणजे नेटरनरच्या हॅकिंगचा आकडा, मिळवा, झालं. शिवाय जोडणीच्या जागेपासून ६ मीटरच्या आत असावं लागतं, त्यामुळे नेटरनरला सगळ्यांबरोबर गोळ्या चुकवत आत घुसावंच लागतं. इतरांची पाळी आणि त्याची पाळी एकाच रांगेत, म्हणून बाकीचे चहाला उठत नाहीत.

चार-पाच मोहिमांनंतर त्या विहिरी एकसारख्या वाटू लागतात, हे कबूल. माझा एक खेळाडू तर त्याला सापशिडीच म्हणतो, आणि ते अगदीच खोटं नाही. खऱ्या नेटवर्कची थोडी जाण असलेल्या, नियम चिवडायची हौस असलेल्या गटाला शॅडोरन कदाचित जास्त रुचेल. डेकरचं खातं सांभाळायला कुणी वेगळा माणूस बसणार असेल तर मीही पुन्हा चालवीन. सध्या रविवारी पिशवीत जातं ते रेडच.