तर्रीच्या मानेत चिप नव्हतीच

नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आणि नागपुरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सभा भरू लागली. सामानाचं एक वेळ काहीही झालं असतं, अडलं होतं ते तर्रीपाशी. तर्री म्हणजे आमची कुत्री. फुटाळ्याजवळ सापडली तेव्हा मुठीएवढी होती, रंग पोह्यावरच्या तर्रीसारखा, म्हणून हे नाव. तिला सोडून जायचं नाही, एवढंच एकमताने ठरलं.

मुंबईच्या दोन कंपन्यांनी सामान आणि कुत्री मिळून पाच लाखांच्या आसपास सांगितले. मग हा एजंट भेटला. नागपुरातलाच, बोलायला लाघवी. "ताई, कंटेनर, कस्टम, कुत्रीचे कागद, सगळं माझ्यावर सोडा. तीन लाख वीस हजार." नवरा दोनदा म्हणाला, जरा थांब. थांबले नाही मीच.

सामान बघायला तो घरी आलाच नाही. व्हिडिओ कॉलवर खोल्या फिरवून दाखवल्या, "सात घनमीटर" म्हणाला. पैसे घ्यायला कंपनीचं खातं नाही, कुणा बाईचं बचत खातं. का, तर जीएसटी वाचेल तुमचा! तिथेच उठायला हवं होतं.

तर्रीसाठी एक मुलगा आला, मानेत सुई टोचली, म्हणाला ओळख क्रमांकाची चिप बसली, मग रेबीजची लस दिली. महिन्याभराने तोच येऊन रक्त घेऊन गेला. काही आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर प्रयोगशाळेचा अहवाल आला, मी साठ हजारांचा पुढचा हप्ता पाठवला. नवरा तोवर रुजू व्हायला निघूनही गेला होता.

सामान भरून ट्रक गेला त्याच संध्याकाळी मेसेज: माप अकरा घनमीटर निघालं, पंचाण्णव हजार आणखी टाका, नाहीतर गोदामभाडं रोजचं चालू. कंटेनर मुंबईच्या वाटेवर आहे, उशीर केला तर जहाज चुकेल. घाबरून चाळीस हजार टाकले. ज्या वस्तूंवर आपला जीव आहे त्या दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या की भाव तो ठरवतो.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगवाल्या पोरांपैकी एक दारात. डबा विसरला होता. मी सहज विचारलं, मुंबईला पोचले का रे खोके? तो म्हणे, "मुंबई कायची ताई, वाडीलेच पडून हाये ना सामान." वाडी म्हणजे इथेच, नागपूरला लागून.

माझे हात गार पडले. तेव्हा पहिल्यांदा अहवाल नीट वाचला. चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो, त्यावर चौदाच अंक होते. तर्रीला ऑटोत घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी स्कॅनर मानेवरून, खांद्यांवरून, पोटाखालून फिरवला. टुक् नाही की टिक् नाही. तर्री बिचारी शेपटी हलवत होती. सुईत काय होतं देव जाणे.

हे कागद कसे चालतात ते मला आता तोंडपाठ आहे, तर ऐका. रेबीजच्या बाबतीत सवलत मिळणाऱ्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, म्हणून आपल्याकडच्या कुत्र्यामांजरांना जास्त जाच. आधी चिप, मगच रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, तेही युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं, रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक तरी हवं. मग रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. शेवटी आरोग्य प्रमाणपत्र सरकारी प्राणी विलगीकरण कार्यालयाकडून. ते नागपुरात नाही, मुंबईला जावं लागतं, आणि प्रमाणपत्र मिळाल्यापासून १० दिवसांत युरोप गाठायचा. महिन्याभरात सगळं करून देतो म्हणणारा खोटं बोलतोय, बाकी काही तपासायची गरजही नाही. अहवाल मात्र प्रयोगशाळेलाच मेल करून विचारा.

सामानाचं माप घरी टेप घेऊन करून घ्या, लेखी घ्या. तिकडच्या बंदरावरचे खर्च दरात धरलेत का, हेही लिहून घ्या. आणि खोके निघाले असं कुणी सांगितलं तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, मागा. मी मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन केला म्हणून शेवटचे चाळीस हजार गोठले. आधीचे दोन लाख तीस हजार गेलेच. पोलिसांना घेऊन वाडीला गेलो तर गोदामवाल्याचंही भाडं त्याने बुडवलेलं! नऊ हजार देऊन सामान सोडवलं. तीन खोके कमी भरले, त्यातल्या एकात सासूबाईंची समई होती. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता सामान नणंदेकडे त्रिमूर्तीनगरला, आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये एक गादी, एक कुकर, मी आणि तर्री. खरी चिप बसली, लस झाली, रक्त देऊन चाळीस दिवस झाले. डॉक्टरांकडे गेले की दरवेळी आधी स्कॅनर फिरवायला सांगते. ते हसतात. टुक् वाजलं की मी खुर्चीत बसते.