वेलफर्ड रोडची क्रम्बी टेरेस: नऊ नंबर बघायची हक्काची जागा

लेस्टर टायगर्स या रग्बी क्लबचा सामना त्यांच्या वेलफर्ड रोड मैदानात जाऊन बघायचा असेल तर माझं सांगणं एवढंच: क्रम्बी टेरेसचं, म्हणजे मैदानालगत उभं राहायच्या जागेचं, तिकीट घ्या, ऐंशी मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा, जमेल तितकं मध्यरेषेजवळ थांबा आणि नजर नऊ नंबरवर ठेवा. मी मिरजेची, शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली. खेळाडूचे पाय आणि त्याचं वाकणं आधी बघायचं, ही सवय तिथलीच. लेस्टरला नोकरीसाठी आले आणि इथल्या रग्बीत मला सगळ्यात आधी कळला तो हाच नऊ नंबर, म्हणजे स्क्रम-हाफ.

टीव्हीवर तो कळत नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि नऊ नंबरचं खरं काम चेंडू हातात यायच्या आधीच निम्मं होऊन गेलेलं असतं. टेरेसवर तुम्ही जवळजवळ मैदानाच्या पातळीवर असता. समोरच रक पडतो, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी आठ-दहा दांडगे गडी एकमेकांवर कोसळतात आणि त्या ढिगाऱ्याच्या मागे हा एकटा येऊन उभा राहतो. मान वर करून समोरच्यांची रांग बघतो, हाताने एका फॉरवर्डला (पुढच्या फळीतल्या गड्याला) डावीकडे सरकवतो, त्याचा पास घेऊन डाव रचणाऱ्या दहा नंबरकडे एक नजर टाकतो. रेफरी "यूज इट" (चेंडू खेळव) ओरडला की त्याच्याकडे चेंडू काढायला पाच सेकंद. मागचा पाय चेंडूला लागून, पुढचा पाय जिथे पास द्यायचा त्या दिशेला, आणि हात मागे न नेता जमिनीवरूनच चेंडू सुटतो. किंवा तो पायाने चेंडू मागे ओढून घेतो, पुढचे गडी रकची शेपटी लांबवून त्याला आडोसा देतात आणि तो बॉक्स किक मारतो, उंच, आपला कडेने धावणारा विंगर पोचेपर्यंत हवेत राहील अशी. लोक बॉक्स किकला कंटाळतात. टेरेसवरून चार-पाच नीट बघा, मग बोला. चेंडू किती मीटर गेला यापेक्षा तो किती वेळ वर राहिला, हे इथून बरोबर कळतं.

या मैदानावर नऊ नंबर म्हटलं की बेन यंग्ज. 2007 मध्ये सतरा वर्षांचा असताना तो टायगर्सकडून उतरला आणि 2025 मध्ये थांबला, मधे क्लब बदलला नाही. वडील निक यंग्जही लेस्टरचे आणि इंग्लंडचे स्क्रम-हाफ. 1983 मध्ये लंडनच्या ट्विकनम मैदानावर न्यूझीलंडला हरवणाऱ्या संघात ते होते. घर नॉर्फोकचं, शेतीवाडीचं. मोठा भाऊ टॉम याच क्लबचा हूकर (पुढच्या फळीतला गडी) आणि कर्णधार होता.

इंग्लंडसाठी बेन 127 कसोटी खेळला. इंग्लंडच्या पुरुष संघात एवढ्या दुसऱ्या कोणाच्या नाहीत. आधीचा उच्चांक जेसन लेनर्डचा, 114. पण त्याचं मोठेपण मला या आकड्यापेक्षा नोव्हेंबर 2010 च्या एका क्षणात जास्त दिसतं. ट्विकनमला ऑस्ट्रेलिया इंग्लंडच्या ट्राय-लाइनला, म्हणजे जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की ट्राय होऊन गुण मिळतात त्या रेषेला, टेकलेली. टॉम पामरने चेंडू हिसकावला आणि यंग्जला दिला. स्वतःच्या ट्राय-लाइनवर शंभरातले नव्याण्णव नऊ नंबर तो लाथाडून बाहेर काढतील आणि कोणी त्यांना बोल लावणार नाही. यंग्जने हुलकावणी दिली, एका पावलात वाट काढली, चेंडू कोर्टनी लॉझकडे गेला, लॉझकडून क्रिस अ‍ॅश्टनकडे, आणि अ‍ॅश्टन थेट दुसऱ्या टोकाला. सगळ्यांना अ‍ॅश्टनची धाव आठवते. मला ते पहिलं पाऊल आठवतं. खो-खोत पाठलाग चुकवताना आम्ही ज्याच्यासाठी महिनोन् महिने घाम गाळायचो, ते हेच.

त्याच वर्षी जूनमध्ये सिडनीला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळताना त्याने ट्राय केला होता आणि इंग्लंड 21-20 ने जिंकलं. दहा वर्षांनी रोममध्ये शंभराव्या सामन्यात दोन ट्राय. 2019 ची विश्वचषक फायनल मात्र इंग्लंड हरलं. 2017 मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या लायन्स संघाच्या न्यूझीलंड दौऱ्यावर निवड झालेली असताना भावाच्या घरातल्या गंभीर आजारपणामुळे त्याने नाव मागे घेतलं. असा दौरा चार वर्षांतून एकदाच येतो, आणि त्याने घर निवडलं. मला हा माणूस म्हणून फार आवडतो, हे लपवायचं कशाला? पुढे सरावात कोसळल्यावर हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तरी तो परत आला.

जून 2025 मध्ये सेल शार्क्सविरुद्धची लीगची सेमीफायनल हा वेलफर्ड रोडवरचा त्याचा शेवटचा सामना. मी टेरेसवर होते. शेजारी सेलचे पाठीराखे. इथे दोन्हीकडचे लोक मिसळूनच उभे राहतात, मधे पोलिसांची भिंत नसते, लहान मुलांना बिनधास्त नेता येतं. त्यातले एक आजोबा तर यंग्जचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होते. फायनल टायगर्सनी बाथकडून 23-21 अशी गमावली, ते दुःख वेगळं.

आता जागेबद्दल. टेरेसवरून पलीकडचा कोपरा नीट दिसत नाही, कारण तुम्ही खालीच असता. विंगर आणि सेंटरच्या लांब चाली बघायच्या असतील तर 2009 मध्ये बांधलेला समोरचा मोठा स्टँड बरा, तोही वरच्या ओळींत. गुडघे दुखणाऱ्यांनी, आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिकडेच बसावं. पण स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड वाकून एकमेकांना रेटतात तो) आणि रक क्रम्बीच्या बाजूला पडले की तिथली मजा बसून मिळत नाही. हाडं आपटल्याचा आवाज येतो, नऊ नंबर फॉरवर्डवर खेकसतो तेही ऐकू येतं.

स्टेशनवरून चालतच जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. किल्ल्यासारखं दिसणारं जुनं तुरुंग लागलं की मैदान आलंच. तासभर आधी पोचा. सरावात नऊ नंबर एका बाजूला जमिनीवरून पास देत असतात, दोन्ही हातांनी, एकामागून एक. ते चुकवू नका. डिसेंबर-जानेवारीत हातमोजे आणि दोन जोड मोजे हवेतच, उभं राहून गारठा पायातून चढतो.

हल्ली इथे नऊ नंबरला जॅक व्हॅन पुर्टव्हलीट असतो, तोही नॉर्फोकचाच. त्याचा पास लांब आणि सपाट, रकपाशी पोचण्याची घाई यंग्जपेक्षा जरा कमी. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही, पुढच्या हंगामाचं तिकीटही टेरेसचंच काढणार आहे. मिडलंड्समधल्या कोणाला सोबत यायचं असेल तर जरूर या.